कडी लावलेलं दार आणि नुसतं लोटलेलं दार: परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी

"मॅडम, इंग्रजी शिकवायला परदेशात जाता येतं का हो?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. कधी जुन्या विद्यार्थ्याकडून, कधी मावशीच्या शेजारणीच्या मुलीकडून. आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक गोष्ट आधीच असते, ती म्हणजे मोबाईलवर जाहिरात बघून डिस्काउंटमधे घेतलेलं १२० तासांचं ऑनलाइन टेफल सर्टिफिकेट, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं. जाहिरातीत समुद्रकिनारा होता, लॅपटॉप होता, नारळपाणी होतं. मग महिनाभर पन्नास ठिकाणी रेझ्युमे पाठवतात, एकाचंही उत्तर येत नाही, आणि तेव्हा आमची आठवण होते.

मी स्वतः थायलंडमधे तीन वर्षं शिकवलंय, ईशान्येकडच्या भागात, जिथं टुरिस्ट फारसे जात नाहीत. त्यामुळं मला जे कळलंय ते सांगते, आणि सगळ्यात आधी ते सांगते जे मला कोणी सांगितलं नव्हतं.

या नोकरीत तुमच्या आणि वर्गाच्या मधे तीन वेगवेगळी माणसं बसलेली असतात. पहिलं तिथलं सरकार, जे व्हिजा देतं. दुसरा शाळेचा किंवा क्लासचा मालक, जो पगार देतो. तिसरे पालक, जे फी भरतात. तिघांचे नियम वेगळे आणि तिघांची भीतीही वेगळी. सरकारनं नाही म्हटलं तर दाराला आतून कडी आहे, कितीही ढकला, उपयोग नाही. मालक किंवा पालक नाही म्हणतायत तर दार नुसतं लोटलेलं आहे, ते उघडतं, फक्त जोर लावावा लागतो. आपली बरीचशी मंडळी कडी लावलेल्या दारावर धडका देत बसतात आणि लोटलेल्या दारासमोरून "आपल्याला कोण घेणार" म्हणत परत फिरतात.

हा सगळा घोळ "नेटिव्ह स्पीकर", म्हणजे लहानपणापासून ती भाषा बोलत वाढलेला माणूस, या शब्दाचा आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं "नेटिव्ह्ज ओन्ली". आता नेटिव्ह म्हणजे कोण? मूळचे श्रीनगरचे आणि नंतर अमेरिकेत इलिनॉयला प्राध्यापक असलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू, त्यांनी १९८५ मधे जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे, म्हणजे जिथं ती बहुतेकांची घरातली भाषा आहे. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर, म्हणजे इंग्रज गेले पण कोर्ट, कॉलेज, ऑफिस इंग्रजीत राहिलं. आणि तिसऱ्या, पसरत चाललेल्या वर्तुळात चीन, जपान, थायलंड, कोरिया, जिथं इंग्रजी ही खरीखुरी परकी भाषा आहे. नोकऱ्या आहेत तिसऱ्या वर्तुळात, त्यांना माणसं हवीत पहिल्या वर्तुळातली, आणि आपण आहोत मधल्या. आपल्याला इंग्रजी येतं हे कोणी नाकारत नाही, पण आपल्या पासपोर्टवर ते लिहिलेलं नसतं.

आता कड्या कुठं आहेत ते बघू. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायचा ई-२ नावाचा व्हिजा आहे, आणि तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. विषय संपला. भारताचा कोरियाशी जो आर्थिक करार २०१० पासून लागू आहे त्यात भारतीयांसाठी सरकारी शाळेत सहाय्यक इंग्रजी शिक्षक होण्याची एक फट आहे, पण त्यासाठी बी.एड. सारखी शिक्षकाची पात्रता लागते, आणि खाजगी क्लासला, ज्याला ते हाग्वोन म्हणतात, ती लागू नाही. त्यामुळं कोणी एजंट "सोलमधे इंग्रजी क्लासवर लावून देतो" म्हणाला तर तो खोटं बोलतोय इतकं साधं आहे.

चीनमधेही सर्वसाधारण अट तीच, मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशाचा नागरिक, पदवी, आणि अनुभव किंवा सर्टिफिकेट. तिथं एक काळ असा होता की स्टुडंट व्हिजावर गेलेली पोरं बाजूला बालवाडीत इंग्रजी शिकवून पैसे काढायची. ते बेकायदेशीर होतं आणि आहे, सापडलं तर दंड, डिटेन्शन, घरी रवानगी. त्यात जुलै २०२१ मधे तिथल्या सरकारनं शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर जो बडगा उगारला त्यात परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा धंदाही एका झटक्यात बसला. जुने व्हिडिओ बघून कोणी "घरबसल्या चायनीज मुलांना शिकवा" म्हणत असेल तर तो व्हिडिओ कोणत्या वर्षाचा आहे ते बघा.

जपानचं प्रकरण मजेशीर आहे. तिथं शाळेत शिकवायच्या व्हिजाला पासपोर्टचा देश आडवा येत नाही, तर तुमचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय का ते विचारतात. म्हणजे पुण्यातल्या कॉन्व्हेंटवाल्याला दार लोटलेलं आणि माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून नंतर इंग्रजीत एम.ए. केलेल्या बाईला कडी! मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस चिडून होते. एम.ए. ला काही किंमतच नाही का? पण नियम तो नियम, आणि तो आधी माहीत असलेला बरा.

थायलंड हे लोटलेल्या दाराचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिथं कायद्यानं भारतीयांना बंदी नाही. पदवी हवी, आणि नॉन-नेटिव्ह असल्यामुळं इंग्रजीची परीक्षा दाखवावी लागते, बहुतेक शाळा टोइक नावाच्या परीक्षेत ६०० च्या वर मागतात (९९० पैकी, म्हणजे आपल्याकडच्या इंग्रजीच्या पदवीधराला जड नाही). शाळा कागद पाठवते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी नावाचा व्हिजा निघतो, तिथं गेल्यावर वर्क परमिट, आणि शिक्षक म्हणून तिथल्या टीचर्स कौन्सिलचं, म्हणजे खुरुसफाचं लायसन्स. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर काही काळापुरती सूट मिळते, तेवढ्यात पुढची पात्रता मिळवायची. टुरिस्ट व्हिजावर जाऊन शिकवायचं नाही, "नंतर कन्व्हर्ट करू" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा. शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात, दुसरं सत्र नोव्हेंबरपासून, म्हणून भरती मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरमधे जोरात असते.

आणि पगार? इथं मन घट्ट करा. त्याच शाळेत, त्याच वर्गाला, तेच पुस्तक शिकवणाऱ्या ब्रिटिश पोराला ३५ ते ४० हजार बाथ आणि फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाला १८ ते २५ हजार, असं मी डोळ्यांनी बघितलंय. बाथचा आजचा भाव बघून हिशोब तुम्हीच करा. लहान गावात खोली स्वस्त, जेवण स्वस्त, थोडे पैसे मागंही पडतात, पण घरचं कर्ज फेडायला हा रस्ता नाही. माझ्या बाजूच्या वर्गातला तो पोरगा एकदा मला हळूच विचारत होता की प्रेझेंट परफेक्ट आणि साधा भूतकाळ यात फरक काय, त्याला शाळेत कोणी शिकवलंच नव्हतं. मी समजावलं. पगार त्याचाच जास्त राहिला. (पोरगा चांगला होता, राग त्याच्यावर नाही.)

हे अन्याय्य आहे का, तर आहेच. इंग्रजी शिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, टीसॉल, तिनं २००६ मधे जाहीर भूमिका घेतली होती की नॉन-नेटिव्ह म्हणून शिक्षकांमधे भेदभाव करू नये. पण पालकाला ब्रोशरवर गोरा चेहरा हवा असतो आणि मालक पालकाचं ऐकतो. व्हिएतनाममधेही साधारण हीच कथा, मोठ्या शहरांतल्या क्लासेसमधे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम, वर्क परमिटला पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि इंग्रजीचा पुरावा, आणि मालकाची नजर चेहऱ्यावर.

आखाताचं वेगळं आहे. दुबई, मस्कत, दोहा इथं सीबीएसई शाळा भरपूर, आणि तिथं भारतीय असणं हीच पात्रता. पण तिथं तुम्ही परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवत नाही, तर मल्याळी, तमिळ, मराठी, गुजराती मुलांना आपल्याकडच्यासारखाच विषय म्हणून शिकवता, आणि त्यासाठी लागतं बी.एड. आणि शाळेतला दोन-तीन वर्षांचा अनुभव. टेफल दाखवलंत तर प्रिन्सिपल बाई गोड हसून फाईल बंद करतील. माझं स्पष्ट मत आहे की बी.एड. असेल आणि पोटापाण्याचा प्रश्न असेल तर आधी आखात बघा. फ्रेंच चांगलं येणाऱ्या पोरांनी फ्रान्सच्या शाळांमधला असिस्टंटचा कार्यक्रम जरूर बघावा, आठवड्याला १२ तास काम, सात महिने, पैसे बेताचे पण फ्रेंच सुसाट होतं.

आता सर्टिफिकेटकडं येऊ. टेफल हे एका संस्थेचं नाव नाही, तो एक प्रकार आहे, जसं "टायपिंगचं सर्टिफिकेट". कोणीही छापू शकतं, आणि छापतातच. त्यातली दोन नावं जगभर ओळखतात, केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटीचं सर्टटीसॉल. सेल्टामधे किमान १२० तासांचा कोर्स, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागं परीक्षक वही घेऊन बसलेला, शिवाय चार लेखी असाइनमेंट्स. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवडे, आणि त्या आठवड्यांत झोप विसरायची. खर्च लाखाच्या पुढं जातो. मग घ्यावं का? थायलंडच्या सरकारी शाळेत जायचं असेल तर एवढ्याची गरज नाही. चांगल्या भाषाशाळेत, कॉलेजात, पुढं ट्रेनर व्हायचं असेल तर घ्या, कारण "१२० तास" आणि "सहा तास डोळ्यांदेखत शिकवलं" यातला फरक मालकाला बरोबर कळतो. आणि आपल्या देशातली वाट विसरू नका, हैदराबादची इफ्लू, म्हणजे १९५८ मधे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालेली संस्था, तिथं इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे आणि या क्षेत्रातली माणसं तो ओळखतात.

पण खरी परीक्षा डेमोची. लोटलेलं दार ढकलायचं ते इथंच. पंधरा-वीस मिनिटं, ऑनलाइन किंवा समोर, "आम्हाला अमुक शिकवून दाखवा". आपण काय करतो? फळ्यावर व्याख्या लिहितो, सूत्र लिहितो, "एनी डाऊट्स?" विचारतो आणि स्वतःच बोलत राहतो. मी पहिल्या डेमोला हेच केलं. समोरची बाई "डाऊट" ऐकून गोंधळली, तिला वाटलं मी विचारतेय की माझ्या बोलण्यावर तुम्हाला संशय आहे का. त्याआधी ओळख करून देताना मी म्हणाले होते "आय पास्ड आऊट इन अमुक वर्ष". आपल्याकडं त्याचा अर्थ कॉलेज पूर्ण केलं, तिकडं अर्थ होतो चक्कर येऊन पडले! तेव्हा रेझ्युमेतून "पास्ड आऊट", "गुड नेम", "डू द नीडफुल" आधी काढून टाका. हे चुकीचं इंग्रजी आहे असं मी म्हणत नाही, ते आपलं इंग्रजी आहे, पण परगावच्या लग्नात आपल्या गावचे विनोद सांगून चालत नाही तसं आहे ते.

डेमोत त्यांना बघायचं असतं की बोलतंय कोण. शिक्षकानं कमी, मुलांनी जास्त. आणि "समजलं का?" असं विचारायचंच नाही, कारण जगातली सगळी मुलं हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारायचं की उत्तरातूनच कळेल. समजा प्रेझेंट परफेक्ट शिकवताय. वाक्य: "आय हॅव लॉस्ट माय की". विचारा, आत्ता किल्ली माझ्याकडं आहे का? नाही. कधी हरवली ते सांगितलंय का? नाही. महत्त्वाचं काय, कधी हरवली ते की आत्ता नाहीये ते? झालं, व्याख्या न सांगता काळ शिकवून झाला.

आणि इथं आपल्याकडं एक जमेची बाजू आहे जी त्या गोऱ्या पोराकडं नव्हती. आपल्या भाषेत हा फरक रोजचा आहे. "मी जेवलो" आणि "मी जेवलोय". कोणी ताट वाढायला लागलं तर आपण "जेवलो" म्हणून थांबत नाही, "जेवलोय" म्हणतो, कारण पोट आत्ता भरलेलं आहे. आपण इंग्रजी शिकलोय, नुसतं ऐकत वाढलो नाही, त्यामुळं पाय कुठं घसरतो ते आपल्याला पक्कं माहीत असतं. इंटरव्ह्यूत हे सांगा, लाजू नका. आणि गंमत बघा, मुलांना काम देऊन त्यातून भाषा शिकवायची जी पद्धत आज युरोपात मोठ्या थाटात शिकवतात, तिचा एक मोठा प्रयोग एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मधे दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमधे केला होता, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो ओळखला जातो. मी एका इंटरव्ह्यूत हे सहज बोलून गेले आणि समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसला.

उच्चारांवर मात्र काम करा. आपल्या कानाला व एकच, त्यामुळं पश्चिम दिशा आणि बनियन दोन्ही आपण "वेस्ट" म्हणतो. एकाला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर, आरशासमोर आठवडाभर. ब्रिटिश सूर आणायचा प्रयत्न नको, तो अर्ध्या तासात गळून पडतो आणि हसं होतं. विद्यार्थ्यांच्या अडचणी कुठं असतात तेही वाचून जा. अरबी बोलणाऱ्यांना प जड जातो, "पार्किंग" चं "बार्किंग" होतं. जपान्यांना र आणि ल. आणि थाई मुलं शब्दाच्या शेवटचा ल न सारखा म्हणतात, "फुटबॉल" चं "फुतबॉन". हे शेवटचं लक्षात ठेवा, मी परत येणारे त्याच्याकडं.

एजंटांबद्दल थोडक्यात पण नीट ऐका. भारतातून परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते, आणि त्याला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे का ते ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर दोन मिनिटात दिसतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं एका माणसाला दीड लाख दिले, त्यानं तिला टुरिस्ट व्हिजावर पाठवलं, तिथं शाळा होती पण परमिट कधी आलंच नाही आणि चार महिन्यांनी ती परत आली. ती सुखरूप आली हे नशीब. थायलंडच्या नावानं बोलावून सीमेपलीकडं म्यानमारमधे म्यावाडीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय पोरांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मधेच इशारा दिला होता. त्या जाहिराती बहुतेक आयटी आणि डेटा एन्ट्रीच्या असतात, पण नियम सारखाच, शाळेचं नाव, पत्ता, फोन स्वतः शोधा, तिथं आधी शिकवलेल्या कोणाशी तरी बोला, आणि व्हिजाचा प्रकार ऑफर लेटरवर लिहून घ्या.

आता कागद, जो सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. पदवी म्हणजे मार्कशीट नव्हे, कॉन्व्होकेशनचं सर्टिफिकेट. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते विद्यापीठातून कधी उचललेलंच नसतं. मग राज्य सरकारकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा स्टिकर, म्हणजे कागद खरा असल्याची खूण, जी एका आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांची मानतात; भारत २००५ पासून त्या करारात आहे. जो देश करारात नाही, उदाहरणार्थ यूएई, तिथं अपोस्टिल चालत नाही, दूतावासाचा शिक्का लागतो आणि तिकडं पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. शिवाय पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स. दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा नोकरी शोधायला लागायच्या आधी हे सुरू करा.

आणि नाव! आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडलांचं, कधी खाली आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका, बारावीला एक, बी.ए. ला दुसरं, आधारवर तिसरं. सगळीकडं जुळत नसेल तर आधी ऍफिडेव्हिट, गॅझेट, जे काय लागेल ते करून घ्या, कारण तिकडच्या कारकुनाला आपली पद्धत माहीत नसते आणि समजावायला भाषा नसते. माझ्या कागदांवर "पाटील" पहिलं होतं, शाळेतल्या ऑफिसनं तेच माझं नाव समजून वर्क परमिटच्या अर्जापासून गळ्यातल्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडं लावलं, अर्ज एकदा परत आला, पासपोर्टप्रमाणं दुरुस्त झाला, ओळखपत्र मात्र कोणी बदललं नाही. आणि शेवटचा ल तर त्यांना म्हणता येत नाही, म्हणून पूर्ण तीन वर्षं गेटवर हात जोडून उभी असलेली पोरं मला रोज सकाळी म्हणायची, "गुड मॉर्निंग, टीचर पातिन!"